फोनवर येणारा तो सरकारी धोक्याचा अलर्ट बंद करू नका, प्लीज

परवा रात्री आमच्या घणसोलीच्या सोसायटी ग्रुपवर कोणीतरी "धरणाचे दरवाजे उघडले, लगेच बाहेर पडा" असा व्हिडिओ टाकला, पाऊस धो धो चालूच होता, आणि दहा मिनिटांत तळमजल्यावरच्या आजी औषधांची पिशवी घेऊन जिन्यात येऊन बसल्या. व्हिडिओ जुना निघाला. टाकणाऱ्याने "सॉरी, फॉरवर्ड होता" लिहून डिलीट केला, विषय संपला. माझा नाही संपला.

२००५ ला आम्ही कळव्याला चाळीत राहायचो. २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे नंतर कळलं, त्या संध्याकाळी एवढंच माहीत होतं की बाबा दादरला ऑफिसात, लोकल बंद, लाइट गेलेली आणि फोन लागत नाही. शेजारच्या काकांनी सेलवरचा रेडिओ कठड्यावर आणून ठेवला आणि आम्ही पंधरावीस जण त्याच्याभोवती. बाबा कुठे आहेत ते रेडिओ थोडाच सांगणार, पण गाड्या बंद आहेत, माणसं जिथल्या तिथे थांबलीयत एवढं ऐकलं आणि आई म्हणाली, "म्हणजे एकटे नाहीत ते", आणि उठून तिने कुकर लावला. त्यानंतर दोनच दिवसांनी मुंबईत धरण फुटलं, त्सुनामी आली अशी अफवा उठली आणि पळापळीत माणसं चेंगरून गेली. पाणी आलंच नव्हतं!

म्हणून २०२३ मध्ये या अलर्टच्या सरकारी चाचणीत सगळ्यांचे फोन एकदम केकाटले ना, तेव्हा मला खरंच बरं वाटलं होतं. आणि आजूबाजूचे विचारत होते, हे बंद कसं करायचं. अहो, एसेमेस एकेका नंबरला जातो, गर्दी झाली की अडकतो. हा अलर्ट मात्र मोबाइलचा टॉवर त्याच्या हद्दीतल्या सगळ्या फोनना एकाच वेळी सोडतो, कोणाचा नंबर माहीत असावा लागत नाही. ओडिशात १९९९ च्या चक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, २०१३ च्या फायलिनच्या आधी इशारे देऊन, गावोगाव सांगून लाखो लोक हलवले तर मृत्यू काही डझनांवर थांबले. वादळ तेही मोठंच होतं.

पण नुसतं "धोका आहे" सांगून भागत नाही, काय करायचं ते सांगायला हवं, आणि हे मला सगळ्यात जास्त टोचतं कारण ठाणे-बेलापूर रोडच्या पलीकडे एमआयडीसी आहे, केमिकलवाल्या कंपन्या आहेत. भोपाळला १९८४ साली विषारी वायू गळला त्या रात्री कारखान्याचा बाहेरचा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला होता. लोक झोपेतून उठून वाट फुटेल तिकडे धावले, कित्येक जण वायूच्याच दिशेने. तोंडावर ओलं फडकं धरा आणि वारा जातोय त्याच्या आडव्या दिशेने निघा, एवढं जरी कोणी ओरडून सांगितलं असतं तरी किती जीव वाचले असते. आमच्याकडे भोंगा वाजला तर तो कसला, दारं लावून बसायचं की बाहेर पडायचं, हे आमच्या बिल्डिंगमध्ये किती जणांना माहितीय? मलाही नव्हतं, मी हल्ली वाचून शिकले.

रविवारी मीटिंगला मी मांडणार आहे. प्रत्येक जिन्यात मराठी आणि हिंदीत बोर्ड, त्यावर ११२ हा आणीबाणीचा नंबर आणि गॅस, आग, पाणी यात काय करायचं ते मोठ्या अक्षरात. ग्रुपवर कुठलाही इशारा टाकायच्या आधी तो सरकारी आहे का ते बघायचं. आणि वॉचमन काकांच्या केबिनमध्ये सेलवरचा एक रेडिओ. रेडिओ मी आणून देते, सेलसकट.