११ ते ६ आणि एक हरवलेला ठिपका

दिवाळीत घरोघरी एक प्रोग्रॅम जमिनीवर, पाठीत उसण भरेपर्यंत वाकून लिहिला जातो. त्याचा सगळा मजकूर एका ओळीत मावतो : ‘११ ते ६, मधे मधे.’ एवढ्यावर ज्यांना पुढचं सगळं उमगतं त्यांनी रांगोळीचा डबा घ्यावा. बाकीच्यांनी गेरू कालवावा.

मधली रांग ११ ठिपक्यांची. तिच्या वर १०, मग ९, असं ६ येईपर्यंत. खालीही तेच. प्रत्येक ठिपका शेजारच्या रांगेतल्या दोघांच्या मधोमध. कुठून सुरुवात, दर फेरीला किती कमी, थांबायचं कधी : प्रोग्रॅमरलोक ज्याला लूप म्हणतात त्याचे तिन्ही अवयव हजर आहेत. एकूण ठिपके ९१. ज्यांचे ९० भरतात त्यांच्यासाठीच हा लेख आहे.

पहिला घोळ पहिल्याच रांगेत होतो. ४० सेंटिमीटर जागा आहे, ११ ठिपके आहेत, म्हणून लोक ४० ला ११ ने भागतात. अहो, ११ ठिपक्यांमध्ये अंतरं १० च असतात! ४ सेंटिमीटरवर ठिपका ठेवा आणि मोकळे व्हा. एकाने चुकायची ही खोड मोठमोठ्या पगाराच्या इंजिनिअरांनाही सुटलेली नाही, त्यामुळे ओशाळायचं कारण नाही.

दुसरा घोळ जास्त कपटी. दोन बोटांचं माप धरून ठिपक्यामागे ठिपका देत गेलं की प्रत्येक अंतर दोन मिलिमीटरने सैल पडतं. एकेकटं बघितलं तर दिसतही नाही. पण दहाव्या अंतराला चूक साचून दोन सेंटिमीटर होते, म्हणजे बरोबर अर्धं घर. आता वरच्या रांगेतला ठिपका कोणाच्या मधोमध आणि कोणाच्या डोक्यावर, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. उपाय सोपा आहे : मधला ठिपका आधी द्यायचा आणि तिथून दोन्हीकडे पाच-पाच. चूक निम्म्यावर येते. त्याहून चांगलं म्हणजे फूटपट्टी जमिनीवर ठेवून सगळी अंतरं एकाच ठिपक्यापासून मोजायची, मग चूक साचतच नाही.

आणि दोन रांगांमधलं अंतर ४ नसतं, साडेतीन असतं. ठिपके मधोमध येतात म्हणून रांगा जवळ सरकतात. इथे ४ धरलं की कमळाची दुधी होते.

आता हरवलेल्या ठिपक्याकडे. या आकृतीची गंमत अशी की ती तीन दिशांनी रांगांचीच आहे : आडवी, आणि दोन तिरक्या. तिन्हीकडून मोजलं तरी तेच, ११ ते ६. म्हणून ९० भरले की सगळं पुसायचं नाही. आडव्या रांगा मोजा, एक रांग एकाने कमी निघेल. मग तिरक्या मोजा, तिथेही एक सापडेल. दोन्ही जिथे छेदतात तिथे चिमूट सोडा. चूक आहे हे कळणं वेगळं, ती कुठे आहे हे कळणं वेगळं. संगणकात हे साधणाऱ्या संकेतांवरचा (म्हणजे कोडांवरचा) आपला प्रसिद्ध निबंध अमेरिकन गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये बेल लॅब्जमध्ये असताना छापला. त्यांना गेरूवर उकिडवं बसावं लागलं नाही, एवढाच फरक.

हा निव्वळ ओढूनताणून जोडलेला संबंध नाही बरं का. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातल्या गिफ्ट आणि रानी सिरोमनी यांनी कमला कृतिवासन यांच्यासोबत १९७४ मध्ये तमिळ कोलमचं, म्हणजे तिकडच्या रांगोळीचं, व्याकरणच मांडलं, संगणकशास्त्रातलं रीतसर व्याकरण : आकृती घडवायचे नेमके नियम. आपल्याकडे मात्र अजून ‘किती छान काढलीय’ यावरच भागतं.

मोजायचा कंटाळा असेल तर अगरबत्तीने भोकं पाडलेला ठिपक्यांचा कागद असतोच. जॅकार्ड या फ्रेंच विणकराने १८०४ च्या सुमाराला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर माग चालवला, त्याच जातकुळीतला हा. मात्र गेरू खडखडीत वाळू द्या, नाहीतर कागद चिकटतो. उचलताना सरळ वर उचला. तिरका केलात की वर उरलेली रांगोळी एका कोपऱ्यात ओतली जाते आणि ९१ चा आकडा कोटीत जातो.

रंग भरताना माणूस संगणकाच्या पुढे आहे, हे मी छातीठोकपणे सांगतो. चित्र रंगवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बादली उपडी केली आणि रेषेत एक फट राहिली असेल, तर जांभळा रंग पाकळीतून निघून अख्खा पडदा गिळतो. कडेला लागेपर्यंत शेजारच्या घरात शिरायचं, एवढंच त्याला ठाऊक. आपली बोटं फटीपाशी आपोआप थांबतात. तरी कडा बिघडतातच, म्हणून क्रम असा ठेवा : पांढरी रेघ, मग रंग, मग पुन्हा तीच पांढरी रेघ वरून. नंतरचं आधीच्याला झाकतं, या एका तत्त्वावर संगणकाचा पडदाही इभ्रत राखून आहे. आणि भरायला पलीकडच्या बाजूने सुरुवात करा, आपल्याकडे सरकत या. उलट केलंत तर साडीचा काठ अगर पायजमा उरलेलं रंगकाम परस्पर आटोपतो.

काम लवकर उरकावं म्हणून दोघींनी दोन टोकांकडून ठिपके द्यायला घेणं हा मात्र शुद्ध आत्मघात. वहिनींची दोन बोटं आणि आत्याबाईंची दोन बोटं ही वेगवेगळी मापं आहेत. मध्यावर गाठ पडते तेव्हा दीड ठिपका उरतो, आणि तो कोणाचा यावर भाऊबीजेपर्यंत अबोला. ठिपके एकीनेच द्यावेत. रंगांना हवे तितके हात लावा, पाकळ्या एकमेकींत अडकत नाहीत. आणि ‘याचं ॲप निघालंय’ असं दारातून सांगणाऱ्या आयटीवाल्या चिरंजीवांना गेरूचं भांडं घासायला द्यावं.