‘असल्या थेरप्या आपल्याकडे कुठे?’ : निपाणीच्या वाचकांना उत्तर

निपाणीकर दादा, नमस्कार.

प्रतिक्रियेखाली तुम्ही ‘निपाणीकर’ एवढंच लिहिलंय. भाषेवरून वयाने मोठे वाटलात म्हणून दादा म्हणते.

बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे बीपीडी, या भावना आणि नाती सतत डळमळत ठेवणाऱ्या मानसिक आजारावरच्या माझ्या लेखावर तुम्ही काय लिहिलंत ते इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की हट्टी, रागीट पोरांना आजाराचं नाव देऊन लाडावून ठेवायची ही आजकालची फॅशन आहे. मी सांगितलेल्या थेरप्या पुण्या-मुंबईच्या पैसेवाल्यांसाठी आहेत, सीमाभागातल्या माणसाला त्यांचा काडीचा उपयोग नाही. आणि मुलीला असलं नाव चिकटलं तर तिचं लग्न कोण जुळवणार? शेवटी तुम्ही लिहिलंत की तुमचा एक भाचाही असाच आहे, आणि ‘कामाला जुंपला की सरळ होईल’.

तुमचा दुसरा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे, जास्त जागा त्यालाच देणार आहे. पण पहिल्याचं उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

राग येणं, हट्ट करणं याला कुणी बीपीडी म्हणत नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेत हा आजार 1980 साली आला, म्हणजे आजच्या पोरांच्या जन्माआधी. त्यात नऊ लक्षणं दिली आहेत आणि किमान पाच असल्याशिवाय निदान करत नाहीत. आपल्याला सोडून जातील ही जीवघेणी भीती, आज देव वाटणारा माणूस उद्या वैरी वाटणं, आपण नक्की कोण हेच न उमगणं, आतून सतत रितं वाटणं, स्वतःला इजा करणं, तासातासाला पालटणारं मन, असं ते आहे. शिवाय हे सगळं तरुण वयापासून वर्षानुवर्षं आणि घरी, कॉलेजात, मैत्रीत, नोकरीत सगळीकडे दिसावं लागतं. परीक्षेच्या दोन महिन्यांतल्या चिडचिडीवर कुठलाही शहाणा डॉक्टर हे नाव लिहिणार नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचं सांगते, तिला विचारून. एका संध्याकाळी ती कणीक मळत होती. मैत्रिणीला व्हॉट्सअ‍ॅप केला होता, निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही. परात तशीच टाकून ती आत गेली आणि दाराला कडी घातली. बाहेरून आम्हाला फक्त ऐकू येत होतं, ‘तिला मी नकोच होते, कुणालाच नको आहे.’ काही वेळाने मैत्रिणीचा फोन आला, ती गाडी चालवत होती, एवढंच कारण. बहीण हसत बाहेर आली, परातीतली वाळलेली कणीक बघितली आणि तिचा चेहरा उतरला. कुणाशी न बोलता नवीन कणीक मळली, सगळ्यांना गरम पोळ्या वाढल्या, स्वतः जेवली नाही. दादा, लाडावलेलं पोर नंतर असं शरमेने मरत नाही. तिचा तो त्रास तिलाच सगळ्यात जास्त होत होता.

आईने यल्लम्माला नवस बोलला, सौंदत्तीला जाऊन आली. त्याने आईला धीर आला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. एका देवरशाने उतारा काढून दिला. एका डॉक्टरांनी तर ‘नाटकं आहेत, लग्न लावून टाका’ असं तिच्यासमोरच सांगितलं. पुढे बायपोलर, म्हणजे मन कधी फार चढतं तर कधी फार उतरतं तो वेगळा आजार, समजून गोळ्या झाल्या. ही गफलत सगळीकडे होते. ढोबळ फरक असा, की बायपोलरमध्ये चढ किंवा उतार दिवसचे दिवस, आठवडेच्या आठवडे टिकतो. बीपीडीत मन काही तासांत खाली-वर होतं आणि बहुतेकदा मागे एखादं माणूस, एखादं वाक्य, न आलेलं उत्तर असतं. डॉक्टरांना हे सांगितलं नाही तर त्यांना कळणार कसं?

आता उपचार. तुम्ही म्हणता डीबीटी, म्हणजे बीपीडीसाठीची डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, बेळगावात कुठे मिळते? पूर्ण स्वरूपात ती मिळणं अवघड आहे, हे मला मान्य आहे. मार्शा लिनेहन यांनी ती बांधली, तिच्या परिणामांचा पहिला अभ्यास 1991 साली आला. (या बाई स्वतः सतराव्या वर्षी मनोरुग्णालयात दाखल होत्या, हे त्यांनी 2011 साली जाहीरपणे सांगितलं. माझ्या बहिणीला सगळ्या माहितीत हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटली.) दर आठवड्याला थेरपिस्टसोबत एकट्याने बसणं, शिवाय इतर रुग्णांसोबत वेगळा गट, मध्ये फोनवर मदत, असं साधारण वर्षभर चालतं. त्यासाठी शिकलेली पूर्ण टीम लागते.

पण इथेच थांबून हात टेकतात त्यांच्यासाठी मी लिहिते. कॅनडात टोरांटोला 180 रुग्णांवर एक अभ्यास झाला, 2009 साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना डीबीटी दिली. उरलेल्यांना साधे पण नीट उपचार दिले, म्हणजे हा आजार ओळखणारा एकच मानसोपचारतज्ज्ञ, नियमित भेट, रोजच्या आयुष्यातल्या नात्यांबद्दल बोलणं, गरजेपुरती औषधं. वर्षाअखेर स्वतःला इजा करणं, आत्महत्येचे प्रयत्न, दवाखान्याच्या फेऱ्या, दोन्ही गटांत सारख्याच कमी झाल्या. याचा आपल्यासाठी अर्थ फार मोठा आहे. पुण्याची थेरपी परवडत नाही म्हणून उपचारच नाही असं होत नाही. आजाराला नाव देणारा, रुग्णाला झिडकारून न टाकणारा एक डॉक्टर धरायचा आणि तो सोडायचा नाही. आठवड्याला जमत नसेल तर पंधरवड्याला, महिन्याला, पण त्याच माणसाकडे.

आपल्याकडे घात होतो तो इथेच. दोन भेटींत फरक पडला नाही की दुसरा डॉक्टर, मग तिसरा, मग कुणीतरी कोल्हापूरचं नाव सांगतं. प्रत्येक ठिकाणी नवी गोळी वाढते. बीपीडीवर म्हणून मान्यता मिळालेलं एकही औषध नाही. उपचार कसे करावेत याच्या सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2009 सालीच सांगितलं की निव्वळ या आजारासाठी गोळ्या देऊ नयेत. सोबत नैराश्य असेल तर त्याचं औषध असतं, कसोटीच्या काळात थोडे दिवस झोपेचं असतं, ते वेगळं. गोळ्यांची पिशवी फुगत चालली तर डॉक्टरांना विचारा, ही कशासाठी, ती कधी बंद करायची. विचारण्यात उद्धटपणा नाही.

डॉक्टर कुठे, तर बेळगावात सिव्हिलला, म्हणजे बिम्समध्ये, आणि नेहरूनगरच्या केएलई हॉस्पिटलात मानसोपचार विभाग आहेत. धारवाडला डिमहान्स आहे, मानसिक आजारांची मोठी सरकारी संस्था. कित्तूरवरून जाणाऱ्या बसने बेळगावहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. तुम्हाला निपाणीहून बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, तिथे सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे. औषधोपचाराला राज्याची हद्द आडवी येत नाही, फक्त सरकारी योजनांची कार्डं ज्या त्या राज्याची चालतात. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांत मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येण्यासाठी कर्नाटकात मनोचैतन्य कार्यक्रम आहे. खानापूर, चिकोडी, निपाणीच्या लोकांनी आधी फोन करून त्या मंगळवारी डॉक्टर येणार आहेत का ते विचारूनच निघावं. समुपदेशनासाठी जाल तेव्हा ती व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झालेली क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे का, ते विचारा. आठ दिवसांच्या कोर्सवर पाटी लावलेले आता गल्लोगल्ली आहेत.

सीमाभागात भाषेचंही एक दुखणं आहे, ते माझंही आहे. पाट्या, केसपेपर कन्नडमध्ये, आणि मनातलं बोलायचं ते मराठीत, तेही रडत. बेळगाव-धारवाडकडचे बरेच डॉक्टर, नर्सेस मराठी समजतात, पण ओपीडीच्या गर्दीत ते विचारायचं सुचत नाही. म्हणून आम्ही एक कागद घरून लिहून नेतो. कधीपासून आहे, कशावरून सुरू होतं, किती वेळ टिकतं, स्वतःला इजा केली का, झोप किती, आतापर्यंतच्या गोळ्यांची नावं, घरात आणखी कुणाला असं होतं का. सगळं एका पानावर, मोठ्या अक्षरात. डॉक्टरांना मिळणारी ती दहा मिनिटं मग ‘काय होतंय?’ मध्येच संपत नाहीत. आणि निघताना उपचाराच्या नोंदींची प्रत मागा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो रुग्णाचा हक्क आहे. उद्या धारवाडऐवजी कोल्हापूरला जावं लागलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नको.

प्रवासच शक्य नसेल तर टेली मानस, 14416. ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारने सुरू केलेली ही फुकट सेवा चोवीस तास चालते, भाषा निवडता येते आणि त्यात मराठी आहे. माहितीसाठी मराठीत ठाण्याच्या आयपीएच संस्थेचं ‘आवाहन’ यूट्यूब चॅनेल बघा. घरच्यांनी कसं वागावं यावर अमेरिकेतल्या एका संस्थेचा ‘फॅमिली कनेक्शन्स’ नावाचा फुकट कोर्स ऑनलाइन आहे. तो इंग्रजीत आहे, घरातल्या कॉलेजच्या पोरांना बसवा आणि त्यांच्याकडून समजून घ्या. एक पथ्य मात्र पाळा. ‘बीपीडी बायकोपासून सुटका’ असल्या नावाचे व्हिडिओ रुग्णाला दाखवू नका, स्वतःही बघू नका. ते रागावलेल्या माणसांनी केलेले असतात. माझ्या बहिणीने त्यातला एक बघितला आणि पुढचे कित्येक दिवस ‘मी राक्षस आहे का’ हेच विचारत होती.

लग्नाबद्दल थोडक्यात. नाव लपवून लग्न लावलं तर आजार सासरी जातो, औषध मागे राहतं. बॉस्टनजवळच्या मॅकलीन रुग्णालयातल्या रुग्णांना दहा वर्षं पाहिलं, तो निष्कर्ष 2010 साली आला: शंभरातल्या 93 जणांची लक्षणं किमान दोन वर्षं तरी ओसरलेली राहिली. हे दाखल करावे लागले होते इतके आजारी लोक होते. बरं होण्याची एवढी शक्यता असताना मुलीला अंधारात बोहल्यावर चढवणं मला पटत नाही, कुणी कितीही समजावलं तरी.

आता भाच्याचं. कामाबद्दल तुम्ही जे म्हणता त्यात तथ्य आहे. याच मॅकलीनमध्ये जॉन गंडरसन यांनी साध्या उपचारांची जी पद्धत बांधली, तिच्यात नोकरी, शिक्षण, रोजचा नेम यांना फार महत्त्व आहे. कारण तिथल्याच रुग्णांत लक्षणं गेली तरी नात्यांत आणि कामात नीट उभे राहिलेले निम्मेच होते. पण जुंपू नका. पहिल्यांदा थोड्या तासांचं काम, ज्याच्या हाताखाली असेल तो शांत माणूस हवा, आणि एखाद्या दिवशी भांडून घरी आला तर ‘बघा, म्हटलं नव्हतं का’ असं कुणी म्हणायचं नाही. त्याची बाजू चुकीची वाटली तरी आधी ‘तुला लई लागलं दिसतंय’ एवढं म्हणा. बाकीचं दुसऱ्या दिवशी बोला.

तो मरण्याचं बोलत असेल, तर ते ‘धमकी’ म्हणून सोडून देऊ नका. स्पष्ट विचारा, विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवं काही शिरत नाही. तुमच्याकडे तंबाखूची, उसाची शेती असेल तर फवारणीची औषधं आणि घरातल्या गोळ्यांचा डबा आजच कुलपात घाला, किल्ली त्याला माहीत नसलेल्या जागी ठेवा. पूर्वी प्रयत्न झाला असेल तर पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. त्याच 2017 च्या कायद्यात कलम 115 आहे, अशा माणसावर प्रचंड ताण होता असंच धरून चालायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही.

तुम्ही येत्या मंगळवारी निपाणीच्या सरकारी दवाखान्यात फोन करून डॉक्टर येणार आहेत का विचारा आणि इथेच खाली कळवा. येत नसतील तर धारवाडला आम्ही कागद कसे नेले, कुठल्या खिडकीला आधी उभं राहायचं, ते सविस्तर लिहून पाठवते. भाच्याला हे उत्तर वाचायला द्यायचं की नाही ते तुमच्यावर सोडते.