पर्याय काढून घेऊ नका, बदलाचं कारण लिहून घ्या

३१ मार्च २००९ रोजी, आर्थिक वर्ष संपता संपता, भारत सरकारने लेखा मानक ११ मध्ये, म्हणजे परकी चलनातल्या व्यवहारांच्या हिशेबाच्या नियमांत, बदल करणारी अधिसूचना काढली. वर्षभरात डॉलरचा भाव साधारण ४० रुपयांवरून ५० च्या पुढे गेला होता. डॉलरमध्ये कर्ज काढलेल्या कंपन्यांचा बोजा त्या प्रमाणात फुगला होता आणि ही वाढ त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा होणार होती. अधिसूचनेने वाट काढून दिली. दीर्घ मुदतीचं कर्ज यंत्रसामग्रीसाठी घेतलेलं असेल, तर फरक यंत्रांच्या किमतीत मिळवा आणि घसाऱ्यातून, म्हणजे झिजेपोटीच्या खर्चातून, वर्षानुवर्षं खर्ची टाका. इतर कारणासाठी असेल, तर वेगळ्या खात्यात ठेवून हप्त्यांनी संपवा. सवलत आधी मार्च २०११ पर्यंत होती, मग २०१२ पर्यंत आणि शेवटी २०२० पर्यंत वाढली.

भारतातल्या मित्रांशी कंपन्यांच्या हिशेबांवर बोलणं निघालं, की हे उदाहरण येतं आणि त्यामागोमाग दोन मतं येतात. एक, ‘तुमच्या अमेरिकेत असं खपवून घेत नाहीत.’ दुसरं, ‘कंपन्यांना निवड देऊच नये, सरकारने सगळ्यांना एकच पद्धत लावावी.’ मी इथे कंपन्यांच्या ताळेबंदांवरच काम करतो, आणि मला ही दोन्ही मतं मान्य नाहीत.

पहिल्याचं उत्तर त्याच आठवड्यात सापडतं. १२ मार्च २००९ ला अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे तिथले हिशेबाचे नियम ठरवणाऱ्या लेखा मानक मंडळाचे अध्यक्ष रॉबर्ट हर्झ यांची सुनावणी झाली. बाजारभावाने मालमत्तेचं मूल्य मांडण्याचा नियम सैल करा, असा सदस्यांचा रेटा होता. २ एप्रिलला मंडळाने तो सैल केला. व्यवहारच होत नसलेल्या बाजारात बँकांना स्वतःच्या अंदाजाला जास्त वाव मिळाला, आणि विकायचे नसलेल्या रोख्यांच्या घसरणीतला फक्त कर्जबुडीचा भाग नफ्यातून वजा करायची मुभा मिळाली. त्या दिवशी डाऊ जोन्स निर्देशांक २०० हून जास्त अंकांनी वर गेला. लंडनमध्ये त्याच दिवशी जी-२० ची बैठक होती, त्यामुळे चढणीचं श्रेय नेमकं कोणाला द्यायचं हे सांगता येत नाही. पण तीन आठवड्यांत नियम वाकला, हे खरं आहे. दिल्लीत मंत्रालयाने अधिसूचना काढली, वॉशिंग्टनमध्ये लोकप्रतिनिधींनी मंडळाला धारेवर धरलं. मला दोन्ही सारखंच गैर वाटतं.

दुसरं मत जास्त विचार करण्यासारखं आहे, कारण त्यामागे सामान्य गुंतवणूकदाराची खरी चीड आहे. नफ्याचा आकडा पद्धतीनुसार बदलतो, मग विश्वास कशावर ठेवायचा? जर्मनीची डाइमलर-बेंझ १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आली, तेव्हा त्या एकाच वर्षाचा जर्मन नियमांप्रमाणे ६१.५ कोटी मार्कांचा नफा आणि अमेरिकी नियमांप्रमाणे सुमारे १८४ कोटी मार्कांचा तोटा दाखवला गेला. कारखाने तेच, गाड्या त्याच.

तरीही निवड काढून घेतल्याने काय साधतं, हे मालसाठ्याच्या हिशेबावरून पाहावं. अमेरिकेत लायफो चालतं: शेवटी आलेला माल आधी विकला असं धरायचं. महागाईत त्यामुळे विकलेल्या मालाचा खर्च जास्त लागतो, कागदावरचा नफा घटतो आणि करही घटतो. अट एवढीच, की करासाठी लायफो घेतलं तर भागधारकांनाही तोच कमी नफा दाखवायचा. भारतात आणि आंतरराष्ट्रीय मानकांत लायफोला परवानगी नाही. १९७४ च्या महागाईत शेकडो अमेरिकी कंपन्या लायफोकडे वळल्या. बाजार फक्त नफ्याचा आकडा पाहत असता, तर त्यांचे शेअर पडायला हवे होते. भारतीय वंशाचे अभ्यासक श्याम सुंदर यांनी १९७४ च्या आधीच्या वर्षांत झालेल्या अशा बदलांचा अभ्यास केला, तेव्हा उलट दिसलं: बदलाच्या आधीच्या वर्षात या कंपन्यांचे शेअर सरासरीने वाढले होते, आणि नंतर पडले नव्हते. कर वाचला म्हणजे रोकड वाचली, आणि बाजाराने रोकड पाहिली, असा त्याचा एक अर्थ लागतो. पुढे विल्यम रिक्स या अभ्यासकांना १९७४ मध्ये लायफोकडे वळलेल्या कंपन्यांचे शेअर त्यांच्या निकालांच्या आसपास काही काळ मागे पडल्याचं आढळलं. म्हणजे प्रश्न पुरता मिटलेला नाही. रिचर्ड स्लोन यांनी तर १९९६ मध्ये दाखवलं, की रोकड हाती न येता नुसत्या नोंदींवर उभा असलेला नफा टिकत नाही, आणि बाजाराच्या हे उशिरा लक्षात येतं.

मला यातून दिसतं ते असं: फरकाचा आकडा समोर असला, तर बाजार पद्धतीच्या आरपार पाहू शकतो. अमेरिकेत लायफोवाल्या कंपनीला तिचा साठा चालू किमतीने किती भरला असता हे टिपांमध्ये द्यावं लागतं. विश्लेषक तो आकडा घेऊन नफा पुन्हा मांडतो. दडलेली असते ती बदलामागची गरज. व्यवस्थापनाचा बोनस नफ्यावर ठरतो, कर्जाच्या करारात ताळेबंदाच्या गुणोत्तरांच्या अटी असतात, नफा फार दिसला तर सरकारची नजर वळते. रॉस वॉट्स आणि जेरॉल्ड झिमरमन या अभ्यासकांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून हेच मांडलं, आणि मी रोज जे पाहतो त्याच्याशी ते जुळतं.

म्हणून इथली एक गोष्ट भारतात यावी असं मला मनापासून वाटतं. अमेरिकेत नोंदणीकृत कंपनीने आपणहून हिशेबपद्धत बदलली, तर नवी पद्धत या कंपनीसाठी जास्त योग्य आहे की नाही, याबद्दलचं आपलं मत ऑडिटरला सहीच्या पत्रात लिहावं लागतं. ते पत्र बाजार नियामकाकडे जातं आणि कोणालाही वाचता येतं. घसाऱ्याची पद्धत बदलली तरी ते द्यावं लागतं. भारतीय मानकांत घसाऱ्याची पद्धत बदलणं हा अंदाजातला बदल मानला जातो आणि मागची वर्षं पुन्हा मांडली जात नाहीत. स्वतःच्या धोरणातल्या बदलाचं कारण कंपनी तिथेही देते, पण ते कंपनीचं म्हणणं असतं. इथे पत्र लिहायची वेळ आली, की ऑडिटर प्रश्न विचारायला लागतात: हाच बदल का, याच तिमाहीत का, कर्जाच्या अटींवर काय परिणाम? काही बदल त्या प्रश्नांमुळेच बारगळतात.

भारतातले मित्र म्हणतात, ऑडिटरची फी कंपनीच देते, मग पत्राला काय अर्थ? शंका रास्त आहे, आणि सत्यम कंपनीच्या हिशेबातल्या घोटाळ्यानंतर ती कोणालाही येईल. पण २०१८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरणाकडे ऑडिटरची चौकशी करून दंड करण्याचा आणि त्याला कामापासून दूर ठेवण्याचा अधिकार आहे. आज अशा बदलाबद्दल जाब विचारायचा, तर शेकडो पानांच्या अहवालातली दोन ओळींची टीप हातात असते. भारताच्या बाजार नियामकाने, सेबीने, तिमाही निकालांसोबत हे पत्र सक्तीचं केलं, तर ऑडिटरने नेमकं काय लिहून दिलं होतं आणि पुढे काय घडलं, हे प्राधिकरणाला शेजारी ठेवून तपासता येईल.