खांबावरचा निळा कागद

आमच्या शाळेच्या ग्रुपवर चार दिवस झाले एकच भांडण चालूय. जळगावात रिंग रोडकडच्या एका सार्वजनिक बागेत डिसेंबरात दोन दिवस म्युझिक फेस्टिवल करायचा, तिकीट लावून, अशी कोणीतरी टूम काढली. अर्धे म्हणतात मस्त, नाहीतरी गावात पोरांना करायला आहे काय, बाकीचे म्हणतात बाग म्हाताऱ्यांना फिरायला आहे. इथपर्यंत ठीक होतं. मग एकाने टाकलं, "लंडनला तर पार्कातच होतात, परवानगी बिरवानगी काही नाही, विचारा आपल्या साहेबाला." साहेब म्हणजे मी. डोकं फिरलं ते इथं.

परवानगी बिरवानगी नाही? अरे भो, लंडनचं ब्रॉकवेल पार्क माझ्या घरापासून पाच मिनिटांवर आहे. दर मे महिन्यात तिथं फेस्टिवलभोवती उंच भिंत उभी राहते आणि लिडोकडून, म्हणजे उघड्यावरच्या पोहण्याच्या तलावाकडून, हर्न हिलला जायची माझी वाट अडते, ते सगळं खरं, पण असं मोठं काही करायचं म्हणजे लायसन्स लागतं. २००३ च्या कायद्याने नवीन अर्ज केला की जागेभोवती रस्त्याच्या कडेने दर ५० मीटरवर फिकट निळ्या कागदावर नोटीस लावायची, २८ दिवस, आणि तेवढ्या दिवसांत कोणीही लेखी हरकत घेऊ शकतो. मुद्दे चारच: गुन्हेगारी, लोकांची सुरक्षितता, उपद्रव आणि लहान मुलांना धोका. "हे कसलं संगीत" ही हरकत चालत नाही. कोणीच काही लिहिलं नाही तर मात्र काउन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, लायसन्स द्यावंच लागतं.

२०२५ च्या मे महिन्यात तर ब्रॉकवेलवाले रहिवासी हायकोर्टात गेले. लायसन्सपेक्षा वेगळी अशी प्लॅनिंगची परवानगी न घेता पार्क असा तात्पुरता वापरायची मुभा वर्षाला २८ दिवस आणि उभारणी-काढणी धरून दिवस भरत होते ३७. कोर्ट म्हणालं काउन्सिलचं चुकलं. हे मी ग्रुपवर छाती फुगवून टाकलं. निकालानंतरही फेस्टिवल झालेच, हे टाकलं नाही.

आणि आपल्याकडे नियम नाहीत असं थोडीच आहे? २००० सालचे ध्वनी प्रदूषणाचे नियम आहेत, राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, फार तर वर्षातले १५ दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. इथं पार्कातल्या कॉन्सर्टला ५५ पेक्षा जास्तच आवाज चालवून घेतात, म्हणजे कागदावर आपण जास्त कडक! पुण्याचा सवाई एके काळी पहाटेपर्यंत रंगायचा, दहाच्या नियमाने त्यालाही आवरतं घ्यावं लागलं. आणि आमच्या गल्लीतून वरातीचा डीजे गेला की आई फोनवर म्हणते थांब रे, काही ऐकू येत नाही, मांडणीवरची भांडी वाजून राहिली.

माझं म्हणणं एवढंच होतं की तो निळा कागद आपल्याकडे नाही. परवानगी आयोजक आणि टेबलामागचा साहेब यांच्यात मिटते, बागेच्या भिंतीला भिंत लागून ज्याचं घर आहे त्याला कळतं ते स्पीकरचा टेम्पो दारात उभा राहिल्यावर. फेस्टिवल करा ना, मी कुठं नाही म्हणतो, पण आधी त्याला विचारा.

त्यावर भुसावळचा एक जण, जो एरवी फक्त गुड मॉर्निंग टाकतो, तो उठला: "तू तठे बशीसनी आम्हले नको शिकाडू. कानबाईनी रातले कोनी परमिशन लिधी व्हती रे?"

याला उत्तर नव्हतं माझ्याकडे. कानबाई ही आमची खानदेशातली देवी. श्रावणातली तिची ती रात्र, दारात मांडव, बाया पहाटेपर्यंत गाणी म्हणायच्या, आम्ही पोरं रोटांच्या वासात कुठेतरी आडवे होऊन पुन्हा उठायचो, सकाळी कानबाईला नदीवर न्यायचं. शेजारी कोणाला झोपायचं असेल हे तेव्हा डोक्यातही आलं नाही, कारण शेजारी आमच्याच मांडवात बसलेले असायचे. (निदान मला तसं आठवतं. कोणी कानात बोळे घालून पडलं असेल तर ते मला कोण सांगणार होतं.)

आता खरं सांगतो. अठरा वर्षं मी या पार्काशेजारी राहतोय, काउन्सिल टॅक्स भरतोय, धाकटी तान्ही असताना त्या बेसने खिडकी थरथरायची तेव्हा रागारागात एकदा हरकतीचं पत्र पूर्ण टाइप केलं होतं. खाली नाव-पत्ता लिहायची वेळ आली, माझं आडनाव लिहिलं, आणि वाटलं की वाचणारा म्हणेल, आले कुठून आणि यांना आवाज सहन होत नाही. कोणी म्हणालं नव्हतं बरं का. कोणी कधीच म्हणालं नाही. तरी पत्र डिलीट केलं. आणि जळगावच्या ज्या बागेत मी शेवटचा कधी गेलो ते आठवत नाही तिच्यासाठी चार दिवस रात्री एक-एक वाजेपर्यंत टाइप करतोय.

काल तीन नंबरच्या बसमधून उतरलो तर स्टॉपशेजारच्या खांबावर नवीन निळा कागद दिसला. कोणाला तरी छोट्या मैदानावर दोन दिवस गाणंबजावणं करायचंय. फोटो काढून लगेच ग्रुपवर टाकला, बघा, याला म्हणतात नोटीस. सतरा अंगठे आले.

हरकतीला अजून नऊ दिवस आहेत. लिहिलं नाहीये अजून.