मान दुखवून घ्यायची कला

आधी एक सांगा, तुमची मान दुखते का? नाही? अरेरे, मग इंग्लंडमध्ये गाडी चालवून उपयोग काय तुमचा.

देवाने मान खास विम्यासाठीच दिलीय हे तिथल्या बऱ्याच लोकांना फार लवकर कळलं. हात मोडला तर एक्सरेत दिसतो, डोकं फुटलं तर टाके पडतात, पण मागून धक्का बसून मानेला हिसका बसतो ना, तो व्हिप्लॅश, तो एक्सरेत दिसत नाही, म्हणजे तुम्ही म्हणाल दुखतंय तर दुखतंय! डॉक्टर म्हणेल जरा मान वळवून दाखवा, तर वळवायची नाही, एवढाच काय तो अभ्यास.

आता अपघात आपोआप होईल म्हणून वाट बघत बसू नका, तो करावा लागतो. पुढे जाऊन कचकन ब्रेक मारायचा, ब्रेकलाइट आधीच बंद करून ठेवले असतील तर सोन्याहून पिवळं, मागचा येऊन धडकतो आणि मागून ठोकणाऱ्याचीच चूक असं सगळे धरूनच चालतात. दुसरी पद्धत जास्त सभ्य आहे, दिवे मिचकावून ‘या या, आधी तुम्ही’ म्हणायचं आणि तो पुढे आला की ठोकायचं, नंतर तो कितीही ओरडला तरी मिचकावलेल्या दिव्याचा पुरावा आणणार कुठून (डॅशकॅम नाहीये ना त्याच्याकडे, ते आधी बघा हां). आणि माणूस निवडून घ्या, मागच्या सीटवर पोरं असलेली एकटी बाई किंवा म्हातारे काका, जे भांडत बसणार नाहीत. यात विनोद काही नाही, खरंच असंच निवडतात.

गाडीत दोघं असली तरी क्लेम पाच जणांचे टाका. जे तिघं गाडीत नव्हतेच त्यांची मान सगळ्यात जास्त दुखते.

विमा कंपन्या चिडतील म्हणता? अहो, पूर्वी कित्येकदा त्याच म्हणायच्या की रिपोर्ट वगैरे राहू द्या, हे घ्या आणि मिटवा, कारण भांडण्यापेक्षा ते स्वस्त पडायचं आणि त्याचा हप्ता तर बाकीचे भरतातच.

मग सुधारणा सुरू झाल्या. 2006 मध्ये कंपन्यांनी मिळून इन्शुरन्स फ्रॉड ब्युरो काढला, 2012 मध्ये सिटी ऑफ लंडन पोलिसांत विमा फसवणुकीसाठी वेगळं खातं आलं, त्याचा खर्चही कंपन्यांकडून. 2013 मध्ये जखमी गिऱ्हाईक वकिलाला विकून कमिशन खायला बंदी आली. 2015 पासून तर क्लेममध्ये मुळातच लबाडी निघाली तर खऱ्या दुखण्यासकट सगळा क्लेम उडतो, एखाददुसरा अपवाद सोडला तर. हे मात्र बरं केलं.

पण खरी कमाल 2018 च्या कायद्याची, जो 31 मे 2021 ला इंग्लंड आणि वेल्समध्ये लागू झाला. रिपोर्टशिवाय मिटवायला बंदी, ठीक आहे, आणि वर मानेचं चक्क रेटकार्ड! 3 महिन्यांपर्यंत दुखली तर 240 पाउंड, सोबत मनालाही लागलं असेल तर 260, म्हणजे मनाचे वट्ट 20. आणि दुखापतीचा भाग 5,000 पाउंडपर्यंत असेल तर जिंकलात तरी वकिलाची फी समोरच्याकडून मिळत नाही, मग पोर्टलवर फॉर्म आपला आपण भरायचा. टोळीला याचा काय त्रास होणार, फॉर्म भरायची सवय त्यांनाच तर आहे. अडकली ती मघाची बाई, जी पोरांना सांभाळत, मान धरून, रात्री पासवर्ड आठवत बसलीय. चोर पकडायला निघाले आणि ज्याच्या घरी चोरी झाली त्याचाच भाव ठरवून आले. 2025 मध्ये रेट सुमारे 15 टक्के वाढवलेत म्हणा, महागाई मानेलाही असतेच.

तेव्हा तुमची मान खरीच दुखत असेल तर एवढंच करा, 3 महिन्यांच्या आत बरं व्हायची घाई करू नका. 2021 च्या कार्डावर पुढच्या खान्यात 495 होते, एक दिवस जास्त कळ काढली तर दुपटीच्या वर.