जांभळ्या झाकणाची एकच ट्यूब

"मी काय चोरीसन खास का?" मोठी माय पदराने डोळे पुसत विचारत होती. तिची तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, ८.४ आली होती आणि घरातले सगळे तिच्यावर तुटून पडले होते. गुळाचा डबा लपवला, केळी बंद केली. मीही बोललो तिला. पंधरा वर्षं लॅबमध्ये रक्त तपासतोय मी, आणि मीही बोललो.

तिची वही समोरच होती. घरच्या ग्लुकोमीटरवरची साखर नातीकडून रोज लिहून घेतलेली. उपाशीपोटी ११०, ११८, १०६. जेवणानंतर दोन तासांनी १५०-१६०. एचबीए१सी ८.४ म्हणजे सरासरी साखर १९४ च्या आसपास हवी. वही आणि रिपोर्ट जुळतच नव्हते, पण आम्ही वहीला खोटं ठरवलं. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून मधुमेहाची गोळी वाढवली. आठव्या दिवशी पहाटे तीनला मोठी माय घामाने चिंब, हात थरथरतायत, बोलणं अडखळतंय. ग्लुकोमीटरवर ५४. वहिनीने घाईघाईने साखरपाणी पाजलं म्हणून निभावलं.

सकाळी मी तिचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, केला. हिमोग्लोबिन ७.९. पेशी लहान, फिक्या. लोहाची कमतरता सरळ दिसत होती. खोदून विचारल्यावर कळलं की वर्षभर मूळव्याधीचं रक्त जात होतं. लाजेपोटी कोणाला बोलली नव्हती.

एचबीए१सी मोजतो ती लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर, आणि पेशी जगते साधारण १२० दिवस. लोह कमी पडलं की नव्या पेशी कमी तयार होतात आणि रक्तात जुन्यांचं प्रमाण वाढतं. जुन्या पेशीला साखर चिकटायला जास्त दिवस मिळालेले असतात. म्हणून साखर आटोक्यात असूनही एचबीए१सी फुगून येतो. त्यात रक्त कमी असलं की बरेच ग्लुकोमीटर साखर आहे त्यापेक्षा थोडी जास्तच दाखवतात. म्हणजे मोठी मायची खरी साखर वहीतल्यापेक्षाही कमी असणार, आणि आम्ही तिची गोळी वाढवून बसलो होतो.

उलटंही होतं, आणि ते जास्त भीतीदायक वाटतं मला. आपल्या नंदुरबारकडे, धडगाव-अक्कलकुव्याच्या पट्ट्यात सिकलसेल आहे. त्या आजारात लाल पेशी लवकर फुटतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही. रिपोर्ट ६ च्या आत येतो, माणूस निवांत होतो, आणि आत डोळे-किडनी खराब होत राहतात. सिकलसेलच्या पेशंटमध्ये एचबीए१सी धरूच नये. नुकतं रक्त चढवलेलं असेल, डायलिसिसबरोबर रक्तवाढीची इंजेक्शनं चालू असतील, तरीही आकडा फसवतो. लोहाच्या गोळ्या सुरू केल्यावरसुद्धा नव्या पेशी भराभर येतात आणि पथ्य तेच असताना एचबीए१सी खाली उतरतो.

अशा वेळी फास्टिंग-पीपीची, म्हणजे उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतरच्या साखरेची वहीच खरा आधार. फ्रुक्टोसामिन नावाची तपासणी आहे, ती मागच्या दोन-तीन आठवड्यांची साखर सांगते आणि तिचा हिमोग्लोबिनशी संबंध नाही. मात्र अंगातलं प्रोटीन फार कमी असेल तर तीही चुकते. दंडाला चिकटवायचा चौदा दिवसांचा सेन्सर चांगलाच, पण शेतमजुराच्या घरात तो कुठून येणार?

माझा राग एका गोष्टीवर आहे. सीबीसी आणि एचबीए१सी दोन्ही जांभळ्या झाकणाच्या एकाच ट्यूबमधून होतात. दुसऱ्यांदा सुई टोचावी लागत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयी निघाल्या. तरीही साखरेचं पॅकेज म्हणून एकटा एचबीए१सी विकला जातो. हिमोग्लोबिन शेजारी छापल्याशिवाय हा रिपोर्ट लॅबबाहेर जाऊच नये, असं माझं ठाम मत आहे. आता माझ्या टेबलावर हिमोग्लोबिन १० च्या खाली दिसलं की मी रिपोर्ट देण्याआधी डॉक्टरांना फोन करतो. काही वैतागतात. वैतागू देत.

मोठी मायची वाढवलेली गोळी डॉक्टरांनी लगेच कमी केली, मूळव्याधीवर उपचार झाले, लोह सुरू झालं. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.६, एचबीए१सी ६.९. रिपोर्ट घेऊन मी स्वतः पारोळ्याला गेलो आणि तिच्या पाया पडून म्हणालो, "माय, तू चोरून खात नव्हतीस." ती काही बोलली नाही. कळण्याची भाकरी तव्यावर होती, ती उलटली आणि मला ताटावर बस म्हणाली.