नोबेलवाल्या घराचा मेसेज आमचा नाही

‘हाइनरिश ब्योल यांच्या जर्मनीतल्या घरी वर्षभर मोफत मुक्काम, फॉर्म आमच्या वाचनालयात, नोंदणी ५०० रुपये’ असा मेसेज सांगलीत फिरतोय. वाचनालय असा कुठलाही फॉर्म देत नाही, पैसेही घेत नाही. काल विश्रामबागहून दोन मुली पासपोर्ट फोटो आणि पाचशेची नोट घेऊन आल्या, म्हणून हा खुलासा.

ब्योल जर्मन लेखक, १९७२चे साहित्याचे नोबेल विजेते. पण हे घर आहे आयर्लंडच्या अ‍ॅकिल बेटावर. मेसेजमधल्या फोटोत राजवाडा दिसतो (कुठला, देव जाणे!), प्रत्यक्षात ते बसकं, साधं कॉटेज आहे. लेखक-कलावंतांना तिथे राहायला मिळतं, हे खरं. मात्र वर्षभर नव्हे, थोडे आठवडेच. निवड तिथलीच संस्था करते.

त्या मुलींची नोट परत केली. आणखी कुणी कुठे पैसे भरले असतील, तर पावती घेऊन संध्याकाळी काउंटरवर भेटा.